मागणाऱ्याच्या बाजूचे स्क्रू

गिरीज या आमच्या ख्रिस्ती वस्तीच्या गावातल्या मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले ते १९७२ साली. मुलांकडून मी शब्दांची वही करून घ्यायचे. डावीकडे इंग्रजी शब्द, मधे त्याचे अर्थ आणि उजवीकडे तो शब्द वापरून एक वाक्य. वाक्य आपल्याच घरातलं पाहिजे, हा माझा हट्ट. पुस्तकातला टॉम आणि त्याचा कुत्रा मला वहीत नको असायचा. बाकीच्या शब्दांना मुलं रडकुंडीला यायची, पण 'पार्टिशन' आलं की वर्ग एकदम खूश. आमच्या घरात पार्टिशन आहे. पार्टिशनच्या पलीकडे आमचे काका राहतात. चाळीस वह्यांत चाळीस पार्टिशनं, आणि त्यातली निम्मी तरी बस्त्याव मिस्त्रीने टाकलेली.

माझ्या जाडजूड शब्दकोशात या नामाला चार-पाच अर्थ दिले होते. वेगळं करण्याचं काम, वेगळं करणारी वस्तू, वेगळं झाल्यावर हाती आलेला तुकडा, आणि देशाची फाळणी. फाळणीशी आमच्या गावाचा संबंध एवढाच, की आमच्या मळ्यातली विड्याची पानं पूर्वी कराचीला जायची ती गावाला गेल्यासारखी जायची, आणि नंतर जाताना परदेशी जायला लागली. पानं तीच, करंड्याही त्याच. बाकीचे अर्थ मात्र आम्ही सगळेच्या सगळे वापरत होतो.

मराठीत आपल्याला शब्दांचा काही तुटवडा नाही. कूड आहे, पडदी आहे, आडोसा आहे, वाटणी आहे. तरी गावात जो तो पार्टिशनच म्हणायचा. का, ते मला कळायला वेळ लागला. 'वाटणी' म्हटलं की घरातली म्हातारी पदर डोळ्याला लावायची, पंच यायचे, फादरांच्या कानावर जायचं. 'पार्टिशन' म्हटलं की फक्त सुतार यायचा. कपाट करायला सांगावं तसं ते सांगता यायचं. इंग्रजीचे उपकार म्हणतात ते हे! जे आपल्या भाषेत म्हणायची लाज वाटते, ते दुसऱ्याच्या भाषेत म्हणून मोकळं व्हायचं.

बस्त्याव म्हणजे सेबॅस्टियन. पण बाप्तिस्म्याच्या वहीबाहेर त्याला त्या नावाने कोणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. आमची आणि त्याची वाडी शेजारी, मधे केळीची एक रांग. मी त्याला बस्त्यावकाका म्हणायचे आणि मी नोकरीला लागल्यापासून तो मला 'टीचर' म्हणायचा, तेही जरा डोळा बारीक करून. उंच, वाकलेला, चष्म्याच्या एका काडीच्या जागी दोरा बांधलेला. सायकलच्या दांडीला गोणपाटात गुंडाळलेली करवत. फळी हातात घेतली की आधी तिचा वास घ्यायचा, मग तिच्यावर टिचकी मारायची, आणि मग गिऱ्हाइकाला विचारायचं, "नक्की पाहिजे?" हा प्रश्न तो कपाटाला विचारत नसे, पाळण्याला विचारत नसे. फक्त पार्टिशनला विचारायचा.

त्याचं पार्टिशन लांबूनही ओळखू यायचं. वर आढ्याखाली हातभर मोकळं सोडलेलं. "वारा दोघांचा, उजेड दोघांचा, भांडणाचा आवाज पण दोघांचा," असं तो म्हणायचा. दुसरं म्हणजे त्यात खिळा एकही नसायचा. सगळं स्क्रूवर. आणि त्या स्क्रूची डोकी नेहमी एकाच बाजूला, ज्याने पार्टिशन मागितलं त्याच्या बाजूला. ही त्याची पद्धत अख्ख्या गावाला माहीत होती. त्यामुळे कोणाच्याही घरात गेलं की स्क्रूची डोकी बघून कळायचं, वेगळं कोणाला व्हायचं होतं. पुष्कळ लोकांना हे झोंबायचं. काही जण त्याच्यावर रंगाचे तीन-तीन हात मारायचे.

एकदा मी बोलता बोलता म्हटलं, "त्या अमक्यांकडे म्हणे पार्टिशन झालं."

"होत नाय टीचर," तो रंधा थांबवून म्हणाला. "पाऊस होतो. पार्टिशन कोणतरी मागतं, कोणतरी टाकतं. ज्यानं मागितलं त्याला उद्या नको झालं, तर त्याच्या हाताशी इस्क्रू पाहिजे. दुसऱ्याच्या दारात पेचकस मागायला जायची पाळी नको."

देवळातल्या नव्या कुमसाराच्या, म्हणजे पापांची कबुली द्यायच्या, खोक्यालाही त्याने हाच नियम लावला. फादर आणि पापी माणूस यांच्यामधली ती जाळीची फळी. फादरांनी ऑर्डर दिली म्हणून स्क्रू फादरांच्या बाजूला. फादर हसले आणि त्यांनी विचारलं, "बस्त्याव, मी कशाला रे काढू ती फळी?" तर हा म्हणतो, "तुमसा तुम्हाला ठाऊक."

एवढ्या लोकांची घरं मधोमध करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात १९७३च्या सुरुवातीला पार्टिशन पडलं. पडलं नाही, मागितलं गेलं. मागितलं त्याच्या थोरल्या भावाने, हिलरीने.

कारण विहिरीचं. त्यांच्या विहिरीवर लाकडी रहाट होता. त्याची चाकं बापाने केलेली, दात बस्त्यावने बदललेले. रेडा गोल फिरायचा आणि दिवसभर त्या रहाटाची कुरकुर आमच्या वाडीत ऐकू यायची. आम्ही तिच्यावर झोपायचो, उठायचो. मग गावात वीज आली आणि मागोमाग पंप आले. हिलरी मुंबईला ऑफिसात जाणारा माणूस, त्याने पंप आणला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पाणी दहा मिनिटांत केळीच्या शेवटच्या रांगेला पोचायचं. पण त्याने रहाट सोडवला, आणि बस्त्याव आगाशीला कामाला गेला असताना त्याची चाकं तोडून न्हाणीच्या चुलीत घातली. बस्त्याव घरी आला तर अंघोळीचं पाणी कडकडीत तापलेलं. त्याने ते पाणी ओतून टाकलं आणि विहिरीवर थंड पाण्याने अंघोळ केली. त्या दिवसापासून तो भावाशी बोलला नाही.

हिलरीने एकदा, दोनदा बोलायचा प्रयत्न केला. आमच्या केळीच्या रांगेतून मी स्वतः पाहिलंय, ओटीवर उभं राहून तो म्हणत होता, "लाकूडच होतं ना रे?" याहून वाईट वाक्य सुताराला म्हणता येत नाही, हे त्या शिकल्यासवरल्या माणसाला कळलं नाही. शेवटी त्यालाही राग आला. महिनाभराने त्याने एक चिठ्ठी बस्त्यावच्या हत्याराच्या पेटीवर ठेवली. ती मी पुढे पाहिली. ऑफिसच्या कागदावर, सुंदर अक्षरात: 'मधल्या घरात पार्टिशन पाहिजे. माप घेऊन जावे.' खाली सही.

इतरांचं पार्टिशन बस्त्याव दोन दिवसांत टाकायचा. या कामाला त्याने तीन महिने लावले. बापाने लावलेल्या फणसाच्या फळ्या घेतल्या, ताशीव, पिवळ्याधमक. चोवीस स्क्रू. डोकी हिलरीच्या बाजूला. नियम म्हणजे नियम. शेवटचा स्क्रू हिलरीच्या बाजूने बसवून तो ओटीच्या चार पायऱ्या उतरला, अंगण ओलांडलं, आपल्या बाजूच्या चार पायऱ्या चढला आणि घरात गेला. त्यानंतर सात वर्षं तो पलीकडच्या पायऱ्या चढला नाही.

घराच्या मधोमध रेघ मारली की काहीतरी चुकीच्या बाजूला जातंच. इथे आल्तार, म्हणजे घरातला देव्हारा, गेला थोरल्याकडे आणि आई गेली धाकट्याकडे. त्यांची आई, सालोमीआजी, ही बाई पाच फूटही नसेल, पण आवाज असा की आंब्यावरचे कावळे उडावेत. लग्न होऊन आल्यापासून ती त्या आल्तारासमोर गुडघे टेकून रोजरी म्हणत आली होती. आता तिच्या नाकासमोर फणसाच्या फळ्या आल्या आणि आल्तार फळ्यांच्या पलीकडे. बस्त्यावने तिच्यासाठी दुसऱ्या भिंतीवर पवित्र हृदयाची नवी तसबीर लावली. तिने तसबिरीकडे पाठ केली आणि फळ्यांकडे तोंड करून गुडघे टेकले.

"आय, देव इकडं हाय," बस्त्याव म्हणाला.

"माझा देव कुठं हाय ते तू मला शिकवू नको. तू फळ्या बघ," ती म्हणाली.

रोजरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नमो मरिया या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एक जण म्हणतो आणि दुसरा अर्धा बाकीचे सगळे मिळून म्हणतात. असं पन्नास वेळा. एकट्याने म्हणता येते, पण मजा नाही. पहिले दोन-तीन दिवस त्या घरात दोन रोजऱ्या चालल्या. अलीकडे सालोमीआजी, पलीकडे हिलरीची बायको इझाबेल. दोघींचं एकमेकींत मिसळून असा भाजीबाजार व्हायचा की स्वर्गात कोणाला काही कळलं असेलसं वाटत नाही. चौथ्या दिवशी पलीकडून सुरुवात झालीच नाही. आजीने अलीकडून पहिला अर्धा म्हटला, आणि दुसरा अर्धा दोन्हीकडून आला. वरच्या हातभर मोकळ्या जागेतून हिलरीचा घोगरा आवाजही. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी त्याविषयी बोललं नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी देवळाची घंटा झाली की ते दोन भाऊ, जे एकमेकांना 'बाजूला हो' एवढंही म्हणत नव्हते, पन्नास वेळा एकाच वाक्याने आईला उत्तर द्यायचे. मी शिकवणीहून परत येताना त्यांच्या अंगणाशी पावलं हळू करायचे. आजही त्या वेळी मला तो आवाज ऐकू आल्यासारखा होतो आणि मग घर फार शांत वाटतं.

१९७६ साली मीच बस्त्यावला काम दिलं. आमच्या लांबलचक हॉलमध्ये आठवी अ आणि आठवी ब शेजारी शेजारी भरायच्या. मी 'अ'मध्ये क्रियापदं शिकवायचे आणि 'ब'मधून भूमितीचे कोन माझ्या क्रियापदांत घुसायचे. मी मुख्याध्यापकांच्या मागे लागून पार्टिशन मंजूर करून घेतलं. मागितलं मी, म्हणून स्क्रू माझ्या बाजूला. जाताना बस्त्यावने बजावलं, "टीचर, आपली हवा खारी. दर दिवाळीला एकेका इस्क्रूला खोबरेल तेलाचा थेंब घाला. नायतर दोन पावसाळ्यांत गंजून बसतील, मग देव पण काढू शकणार नाय."

मी हो हो म्हटलं. त्याने पुढच्या दिवाळीला आठवण केली, त्याच्या पुढच्याही. मी हो हो म्हणण्यात कधी कमी पडले नाही. तेल मात्र घातलं नाही.

इकडे सालोमीआजी सणावाराला काठी टेकत चार पायऱ्या उतरून, चार चढून आल्तार बघून यायची. १९७८च्या पावसाळ्यात ती विहिरीपाशी पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. चालणं संपलं. तिची खाट फळ्यांना लावून ठेवली. इझाबेलने नातवंडांकडून निरोप पाठवला, की आम्ही आजीला उचलून इकडे आणतो. आजीने तोच निरोप उलटा फिरवला. "मी काय पाहुनी हाय? माझ्याच घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला मी अंगणातून नाय जायची. सरळ जाईन, नायतर नाय जायची."

हे बस्त्यावने ऐकलं. फळ्यांच्या पलीकडे हिलरीनेही ऐकलं असणार, कारण तिचा आवाज तेव्हा अजून शाबूत होता. पण बस्त्यावच्या बाजूला स्क्रूचं एकही डोकं नव्हतं. काढायचं तर पलीकडे जाऊन काढावं लागलं असतं. आणि हिलरीच्या हाताशी चोवीस डोकी होती, पण ज्याने मागितलं त्याने काढायचं म्हणजे आपलं चुकलं असं अख्ख्या गावासमोर म्हणायचं. बस्त्यावची बायको बेटी मला म्हणाली, "ह्यांसा नियम ह्यांसाच नरड्याला बसला बघ." मला दोघांचाही इतका राग आला होता की शक्य असतं तर दोघांना आठवी 'ब'मध्ये बाकावर उभं केलं असतं.

१९७९चा डिसेंबर. शाळेचं गॅदरिंग त्या वर्षी हॉलमध्ये घ्यायचं ठरलं आणि पार्टिशन काढायची वेळ आली. शिपायाने पेचकस लावला. एकही स्क्रू जागचा हलेना. गंजाने लाकडाशी एकजीव झाले होते. गॅदरिंग परवावर. मी तोंड लहान करून संध्याकाळी बस्त्यावकडे गेले.

"तेल?" त्याने एवढंच विचारलं.

मी मान खाली घातली. तो काही बोलणार तेवढ्यात देवळाची घंटा झाली. बेटीने मला खुणेने बसायला सांगितलं. सगळे आजीच्या खाटेभोवती गुडघ्यावर आले, मीही टेकले. त्या आठवड्यात आजीला ताप येऊन गेला होता. तिचे ओठ हलले. तिने पहिला अर्धा म्हटला. मी तिच्यापासून दोन हातांवर होते, तरी मला फक्त श्वास ऐकू आला.

आम्ही दुसरा अर्धा म्हटला. पलीकडून काहीच आलं नाही.

आजी थांबली. तिने पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, होता तेवढा जोर लावून. पुन्हा आम्ही उत्तर दिलं आणि पुन्हा पलीकडे शांतता. ते लोक तिथे होते. गुडघे सरकवल्याचा आवाज येत होता, कोणीतरी खाकरलं. आमचं उत्तर त्यांना ऐकू जात होतं, पण ते आमच्याबरोबर म्हणत नव्हते. ते तिच्या आवाजाची वाट बघत होते.

आजीने फळीवर तळहात ठेवला. "हिलरी गेला काय रे कुठं?" तिने बस्त्यावला विचारलं. अगदी बारीक आवाजात.

बस्त्याव उठला. मला वाटलं, तोच आता मोठ्याने सुरुवात करील. पण तो हत्याराच्या पेटीकडे गेला, पेचकस घेतला, आणि मला म्हणाला, "टीचर, कंदील धरा. तिकडचा बल्ब आल्तारावर हाय, फळ्यांवर उजेड नसेल." मी कंदील घेऊन त्याच्या मागे निघाले. चार पायऱ्या उतरलो. अंगण. पलीकडच्या पहिल्या पायरीवर तो थांबला, चपला काढल्या, आणि चढला.

हिलरी गुडघ्यावरच होता. दारात भावाला बघून त्याला उठायचंही सुचलं नाही.

"आयसा आवाज जात नाय आता," बस्त्याव म्हणाला. "इस्क्रू काढायला आलोय." सात वर्षांनी भावाशी बोललेली ही पहिली दोन वाक्यं. मग त्याने स्वतःलाच म्हटल्यासारखं म्हटलं, "सात पावसाळे झाले. गंजले असतील. निघतील असं वाटत नाय."

मी कंदील वर धरला. बस्त्यावने सगळ्यात खालच्या स्क्रूवर पेचकस टेकवला, दोन्ही हातांनी जोर लावायला अंग मागे घेतलं, आणि तोल जाऊन जवळजवळ पडलाच. स्क्रू लोण्यातून निघावा तसा फिरला. त्याने तो काढून कंदिलापाशी धरला. चकचकीत होता. त्याने बोट चोळून नाकाशी नेलं. फळीचा वास घ्यायची सवय त्याची. खोबरेल तेलाचा वास मलाही आला.

त्याने दुसरा लावला. तिसरा. सगळे तसेच.

"तेल कोणी घातलं?" त्याने विचारलं.

हिलरीने आल्ताराकडे तोंड फिरवलं. सांगितलं ते इझाबेलने. "दर नाताळला. करंज्यांसं तेल आणलं की पहिली वाटी इस्क्रूंना, मग कढईत. हे स्वतः घालतात, मला हात लावू देत नाय. मी म्हटलं, काढायसे नाय तर घालता कशाला? तर म्हणाले, तो येईल तेव्हा अडायला नको."

बस्त्यावने पुढचे स्क्रू भराभर काढले नाहीत. एकेक काढून हिलरीच्या हातात देत गेला आणि हिलरी तो ओंजळीत घेत गेला. मग दोघांनी फळ्या उतरवल्या. पहिल्या तीन फळ्या निघाल्या तशी खाटेवरची आजी दिसली, मग बेटी, मग मुलं. आजीने आल्ताराकडे बघितलं. मला वाटलं, आता रडेल.

"जळमटं हायती वर," ती म्हणाली. "इझाबेल, डोळे गेले काय तुझे?"

आणि तिने त्याच बारीक आवाजात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी उत्तर सगळ्यांनी दिलं. मला मात्र देता आलं नाही, कारण मी कंदिलाच्या आड तोंड लपवून रडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्त्याव छिन्नी-हातोडा घेऊन शाळेत आला. माझे स्क्रू निघणं शक्यच नव्हतं. त्याने एकेकाचं डोकं तोडलं, फळ्या चिरल्या, लाकूड वाया गेलं. मी शेजारी अपराध्यासारखी उभी होते.

"चुकलंच माझं," मी म्हटलं. "तुम्ही दर दिवाळीला सांगत होता." आणि मग मला राहवलं नाही. "हिलरीकाकांना कोणी सांगितलं होतं तेलाचं?"

त्याचा हातोडा थांबला. दोरा सोडवून त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत बसला.

"कोणी नाय," तो म्हणाला. "मी बोलतच नव्हतो ना त्याच्याशी."

मग तो आठवी 'ब'च्या बाजूला वळला आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभा राहिला.